पोटखराब्यांतील रहिवासी
(शहर सोडून शेतावर राहूं इच्छिणाऱ्यांसाठीं)

पुणें, मुंबई, ठाणें या शहरांतील नोकरी अगर धंदा आटोपून गांवाकडील वडिलोपार्जित जमिनीवर राहावयास येणाऱ्या कुटुंबांची संख्या अलीकडे वाढत चालली आहे. कांहीं मंडळी सेवानिवृत्त होऊन येतात, कांहीं २०२० सालच्या टाळेबंदींत गांवीं आलीं तीं परत गेलींच नाहींत, आणि कांहीं केवळ हौसेनें येतात. यांपैकीं बहुतेकांस शेतीची विद्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून हळूहळू प्राप्त होते. बियाणें, खतें व पाणी यांविषयींचे लेखहि त्यांच्या वाचनांत येतात. परंतु ज्या जमिनीवर आपण बिऱ्हाड थाटलें, तिच्यावर आपल्या पूर्वींपासून कोण कोण नांदत आहे, याची चौकशी फारसा कोणी करीत नाहीं. ही चौकशी कशी करावी व ती न केल्यास काय नुकसान होतें, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचा आमचा मानस आहे. पशुपक्षी पाहणें हा रिकामटेकड्यांचा छंद होय असें ज्यांचें मत असेल, त्यांनीं निदान घुबड व साप यांविषयींचा मजकूर वाचून मग पान उलटावें.

आमचीं पुष्कळ वर्षें महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलीं. त्यामुळें कोणतीहि जमीन डोळ्यांनीं पाहण्यापूर्वीं तिचा सातबारा पाहण्याची आम्हांस खोड आहे, आणि ती येथें उपयोगी पडते. गांव नमुना सातमध्यें क्षेत्राच्या ठिकाणीं दोन आकडे असतात. एक लागवडीयोग्य क्षेत्राचा, दुसरा पोटखराब्याचा. पोटखराब वर्ग 'अ' म्हणजे खडक, घळ, मुरमाड टेकाड, खळें, गोठा इत्यादिकांनीं अडलेली, मोजणीच्या वेळीं पिकास अयोग्य ठरलेली जागा. वर्ग 'ब' म्हणजे रस्ता, पायवाट, ओढा, पाणवठा अशा सार्वजनिक कारणासाठीं राखलेली जागा. या दोन्हींवर आकारणी नाहीं. म्हणजे सरकारी कागदावर जेथें उत्पन्न शून्य, तो हा तुकडा. मात्र गट फिरून पाहिला तर सर्वांत दाट वस्ती नेमकी याच तुकड्यांत आढळते, असा आमचा अनुभव आहे.

वर्ग 'अ' चा पोटखराबा शेतकऱ्यानें लागवडीखालीं आणल्यास तो लागवडीयोग्य म्हणून नोंदवून घेण्याची सोय आतां झालेली आहे. ज्याचें पोट दीड-दोन एकरांवर आहे त्यानें त्या सवलतीचा लाभ घेतला तर त्यास कोणत्या तोंडानें दोष द्यावा? आमचा रोख त्याच्याकडे नाहीं. शहरांतून पैसा घेऊन येणारा मनुष्य पहिल्या आठवड्यांतच जेसीबी यंत्र बोलावतो, टेकाड सपाट करतो, घळ बुजवितो, बाभळी व बोरी उपटून टाकतो, आणि चारी बाजूंस जाळीचें कुंपण ओढून त्यावर रात्रभर दिवे लावतो. त्यास गव्हाच्या चार पोत्यांची गरज नसते. त्यास जागा 'साफ' दिसावयास हवी असते. (जो मुळांत शेतकरी नाहीं त्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून शेतजमीन विकत घेतां येत नाहीं, हें कूळकायद्याचें कलम ६३ हौशी मंडळींनीं आधीं वाचावें. तें न वाचतां कुंपणाची तार खरेदी करणारे आम्ही पाहिले आहेत.) अशा मनुष्यास आमची विनंती इतकीच कीं, यंत्र बोलावण्यापूर्वीं एक संपूर्ण वर्ष, म्हणजे एक पावसाळा, एक हिंवाळा व एक उन्हाळा, त्या पोटखराब्याकडे नुसतें पाहत बसावें.

पाहावें कसें, हें सांगतों. पहांट फुटण्यापूर्वीं अर्धा तास व दिवस मावळल्यानंतर अर्धा तास या दोन वेळा उत्तम. जागा एकच ठेवावी. रोज जागा बदलणाऱ्यास कांहीं दिसत नाहीं, कारण जनावरें माणसाच्या रूपास नव्हे तर त्याच्या हालचालीस बुजतात, व एका जागीं रोज बसणारा मनुष्य त्यांच्या लेखीं थोड्याच दिवसांत खुंट होऊन जातो. पाठ झाडाला असावी. कपडे मळकट असावेत. कुत्रें बरोबर नसावें. एक वही ठेवून तींत रकाने आंखावेत: तारीख, वेळ, जागा, वारा व आभाळ, काय दिसलें, तें काय करीत होतें, आणि शेवटीं शेरा. यांपैकीं 'काय करीत होतें' हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. नुसत्या नांवांची यादी ही पंचनाम्यावांचूनच्या जप्तीसारखी आहे. दुसऱ्यानें सांगितलेलें पहिल्या सहा रकान्यांत कधींहि लिहूं नये. तें शेऱ्यांत, सांगणाऱ्याच्या नांवासह लिहावें. नांव ठाऊक नसल्यास वर्णन लिहावें व गांवांतील जाणत्यास विचारावें. वनखात्यांत आयुष्य वेंचलेले मारुती चितमपल्ली यांनीं आदिवासी व कोळी बांधवांकडून पक्ष्यांचीं देशी नांवें जमवून आपला पक्षिकोश सजविला. हीं नांवें पुस्तकांत येण्यापूर्वीं रानांत होतीं, हें विसरूं नये.

आमचें रान पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील, सुपें-मोरगांवच्या अंगाच्या, कमी पावसाच्या पट्ट्यांत आहे. त्यांत चौदा गुंठे पोटखराबा आहे. एक मुरमाचें टेकाड, एक उन्हाळ्यांत कोरडा पडणारा ओढा, पडक्या धक्क्याची जुनी विहीर, कांहीं बाभळी व बोरी, आणि ढोलीचा एक म्हातारा लिंब, एवढीच त्याची मालमत्ता. पहिल्या वर्षीं आम्हांस वाटलें होतें तसें येथें पाहण्यासारखें फार थोडें असावें. मेंढरें घेऊन दरसाल या वाटेनें जाणाऱ्या एका वृद्ध धनगरानें, ज्यांस आम्ही आबा म्हणतों, आमची ती समजूत एका वाक्यांत दूर केली. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून कोलाहल करीत होती व आम्ही मान वर करून तिच्याकडे पाहत होतों. ते म्हणाले, "भाऊसाहेब, वर काय बघताय? ती वरडतीय म्हंजी खाली काय तरी हाय." आणि खरोखरच आमच्या पायांपासून चार हातांवर तिचीं चार अंडीं होतीं.

टिटवीचें घरटें म्हणजे नुसता खळगा; भोंवतीं खडे मांडलेले, एवढेंच. अंड्यांचा रंग मातकट व त्यांवर काळपट ठिपके, त्यामुळें तीं मुरमांत मिसळून जातात. वैशाखांतील उन्हांत हा पक्षी पाणवठ्यावर जाऊन पोटाखालचीं पिसें भिजवून येतो व ओल्या पोटानें अंडीं थंड ठेवतो, ही गोष्ट आम्ही ओढ्याच्या शेवटच्या डबक्यापाशीं बसून अनेकदां पाहिली आहे. पिलें अंड्यांतून निघतांच चालूं लागतात व स्वतः टिपूं लागतात. टिटवीनें उंचावर अंडीं घातलीं तर पाऊस अधिक, सखल जागीं घातलीं तर कमी, असा आपल्याकडे ठोकताळा आहे. आमच्या वहींत त्याचा पडताळा कधीं आला, कधीं आला नाहीं; म्हणून आम्ही तो शेऱ्याच्या रकान्यांतच ठेवला आहे.

ओढ्याच्या उभ्या दरडींत वेडा राघू बिळें पाडून राहतो. बीळ आडवें, हातभर किंवा त्याहूनहि खोल असतें. दरड मातीची व उभी असेल तरच तो तेथें येतो. यंत्रानें उतार काढून दिला कीं दुसऱ्या वर्षीं एकहि राघू दिसत नाहीं. तो मधमाशा खातो, म्हणून मधपाळ त्याच्यावर रुष्ट असतात व तें अगदींच अन्यायाचें नाहीं. परंतु तो इतर उडते कीटकहि तितक्याच तत्परतेनें टिपतो. कोतवालाचें काम याहून स्पष्ट आहे. हरभऱ्याच्या शेतांत माणसाच्या उंचीहून थोडे वर असे आडव्या काठीचे थांबे जागोजाग रोवून ठेवले, तर कोतवाल, साळुंक्या वगैरे पक्षी त्यांवर बसून घाटेअळी वेंचतात. हे थांबे कृषि खात्यानेंहि सुचविलेले आहेत. मात्र थांबा रोवला तरी पक्ष्यास रात्रीं बसावयास व घरटें करावयास झाड लागतें, आणि तें झाड पोटखराब्यांत असतें.

मृगाच्या तोंडावर पावशा ओरडूं लागतो. 'पेरते व्हा, पेरते व्हा' असे शब्द आपल्या लोकांस त्याच्या ओरडण्यांत ऐकूं येतात. त्याच सुमारास चातकहि येतो. त्याच्या डोक्यावर तुरा, पोट पांढरें व पाठ काळी. हा आफ्रिकेकडून मोसमी वाऱ्याच्या संगतीनें समुद्र ओलांडून येतो असें शास्त्रज्ञ मानतात. गंमत अशी कीं, हे दोन्ही पक्षी स्वतःचें घरटें बांधीत नाहींत. दोघेहि आपलीं अंडीं सातभाईंच्या घरट्यांत टाकतात, आणि तीं अंडीं सातभाईंच्या अंड्यांप्रमाणेंच निळीं असतात. म्हणजे पेरणीचा निरोप देणारे हे दोन पाहुणे आपल्या शिवारांत यावयाचे असतील, तर बोरीबाभळींच्या जाळींत कलकलाट करणारे सातभाई आधीं शिवारांत असले पाहिजेत. सातभाई थव्यानें राहतात व एकाच्या पिलांस इतरहि चारा घालतात, त्यामुळें परक्याचें पोर वाढविण्याचें ओझें साऱ्या भावकीवर पडतें.

विहिरीवर वांकलेल्या बाभळीच्या फांद्यांस सुगरणीचीं घरटीं लोंबतात. येथें थोडें थांबावयास हवें, कारण शहर सोडून आलेल्या एका मोठ्या माणसाची गोष्ट या पक्ष्याशीं निगडित आहे. १९३० च्या सुमारास मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांतील सालिम अली यांची जागा रद्द झाली व ते बेकार झाले. तेव्हां ते अलिबाग तालुक्यांतील किहीम या गांवीं, पत्नीच्या माहेरच्या घरीं, राहावयास गेले. जवळच्या एका झाडावर सुगरणींची वसाहत होती. दुसरें कामच नसल्यामुळें ते तिच्यावर नजर ठेवून बसले, आणि पूर्वीं कोणीं नीट न पाहिलेली गोष्ट त्यांनीं १९३१ सालीं लिहून प्रसिद्ध केली. ती अशी: घरटें नर विणतो. तो तें अर्धवट, उपड्या शिरस्त्राणासारखें झालें कीं थांबतो. माद्या येऊन पाहणी करतात. एखादीस घरटें पसंत पडलें कीं तो तें पुरें करतो, तीस तेथें बसवून देतो, आणि लगेच दुसरें घरटें विणावयास घेऊन दुसरी मादी शोधूं लागतो. नापसंत घरटीं तशींच अर्धीं लोंबत राहतात. आमच्या विहिरीवरील अर्धवट घरटीं पाहून गांवांतील मुलें तीं वाऱ्यानें फाटलीं असें म्हणत. तीं फाटलेलीं नसून नाकारलेलीं होत, हें त्यांस समजावून सांगतांना आमची बरीच करमणूक झाली. किहीमचें हें उदाहरण आम्ही अशासाठीं दिलें कीं, मोठें अरण्य, महाग दुर्बीण किंवा विद्यापीठाची पदवी यांवांचून, केवळ एका झाडासमोर चिकाटीनें बसल्यानें केवढें काम होतें, हें नवागतांस कळावें.

आतां रात्रीच्या रहिवाशांकडे वळूं. लिंबाच्या ढोलींत पिंगळ्याचें जोडपें राहतें. हा वीतभर पक्षी दिवे लागणीस फांदीवर येऊन डोळे वटारतो व भांडल्यासारखा किलबिलाट करतो. पहांटे कंदील घेऊन दारोदार भविष्य सांगत फिरणाऱ्या पिंगळ्यानें याच पक्ष्याचें नांव घेतलें आहे. किडे, उंदीर, सरडे हें त्याचें खाद्य. जुन्या विहिरीच्या कपारींत याहून मोठें, पांढुरक्या बदामी चेहऱ्याचें गव्हाणी घुबड राहतें. तें काळोखांत केवळ कानांच्या साह्यानें उंदीर पकडतें. त्याचे दोन कान समान उंचीवर नसतात, त्यामुळें खसखस कोठून झाली याचा अंदाज त्यास बिनचूक येतो. आणि पंखांची कड मऊ असल्यानें त्याच्या उडण्याचा आवाज होत नाहीं. भक्ष्याचीं हाडें व केंस तें गोळी करून तोंडावाटें टाकून देतें. या गोळ्या कपारीखालीं पडलेल्या असतात. एखादी घेऊन कोमट पाण्यांत भिजत घालावी व काडीनें हलकेंच सोडवावी; आंत उंदराची अखंड कवटी, कधीं दोन, कधीं तीन, जशाच्या तशा मिळतात. ज्यास घुबड अशुभ वाटतें त्याच्यापुढें एक महिन्याच्या गोळ्या अशा सोडवून कवट्या ओळीनें मांडाव्यात. आम्ही एका शेजाऱ्यापुढें त्या मांडल्या. ते कांहीं बोलले नाहींत, परंतु कपारींत दगड मारणें त्यांनीं बंद केलें.

शेतांतील घूस किंवा उंदीर किती धान्य बिळांत नेतो, हें बिळें उकरून तें परत मिळविणारे कातकरी बांधव जितकें जाणतात तितकें कोणी जाणत नाहीं. वितीला सात-आठ पिलें व गर्भ सुमारें तीन आठवड्यांचा, अशा प्राण्याशीं एकट्या माणसानें काय म्हणून झुंजावें? विष घालावयाचेंच झाल्यास एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ब्रोमाडायोलोनसारख्या, रक्त गोठूं न देणाऱ्या विषानें उंदीर लगेच मरत नाहीं. तो कांहीं दिवस मंदावलेला, उघड्यावर फिरत राहतो. असा उंदीर घुबडास सर्वांत आधीं सांपडतो, आणि त्याच्या यकृतांतील विष घुबडाच्या पोटांत जातें. म्हणजे ज्यानें फुकट राखण केली त्यासच आपण मारतों, आणि पुढल्या हंगामांत विषाची पुडी पुन्हां विकत आणतों. अशीं आमिषें घराच्या व कोठाराच्या आंत ठेवावींत, मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत, आणि जेथें घुबडाची वस्ती आहे त्या बाजूस विष मुळींच घालूं नये.

सापांविषयीं लिहितांना आम्ही भूतदयेचा उपदेश करणार नाहीं, कारण येथें माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें दगावलीं, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दिला आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांतील होतीं. म्हणून ओळख ही पहिली गोष्ट. आपल्याकडे घात करणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस व फुरसें. फुरसें मुरमाड टेकाडावर दगडांखालीं असतें. आकारानें लहान, पण लहान म्हणून त्याची थट्टा करूं नये. घोणस जाड, अंगावर साखळीसारखे वर्तुळाकार ठिपके. डिवचली असतां कुकरच्या शिटीसारखा आवाज करते. मण्यार काळी, अंगावर पांढऱ्या आडव्या रेघा. ती रात्रीं फिरते. धामण मात्र बिनविषारी आहे. ती लांब व चपळ असल्यानें लोक तीस नाग समजून मारतात. धामण गाईच्या पायांस विळखा घालून दूध पिते, हा समज निराधार आहे. सापाच्या तोंडाची रचनाच दूध ओढण्याजोगी नसते. ती गोठ्यांत येते ती उंदरांच्या मागें. सापांस मारणें वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वयें गुन्हा आहेच. पण धामणीस मारणारा कायद्याआधीं स्वतःच्या कणगीचा गुन्हेगार ठरतो.

मण्यारीचा दंश विशेष घातक कां, तें सांगतों. आमच्या शेजारच्या वस्तीवर एक सालगडी पावसाळ्यांत छपरांत जमिनीवर झोंपला होता. पहांटे तो पोट दुखतें म्हणून उठला. घरच्यांनीं ओवा दिला. थोड्या वेळानें त्याच्या पापण्या उघडेनात व शब्द अडखळूं लागले. अंगावर दंशाची खूण दिसेना, सूज नव्हती, दुखणें नव्हतें. कोणी म्हणाले बाहेरचें आहे, देवऋष्याकडे न्या. सुदैवानें वस्तीवरील आशाताईंनीं पापण्या पाहून मण्यारीची शंका घेतली व मोटारसायकलवर मध्यें बसवून त्यास थेट रुग्णालयांत नेलें. तेथें सर्पविषावरील लस टोंचून, श्वासासाठीं यंत्र लावून, तो चौथ्या दिवशीं बोलूं लागला. मण्यारीच्या दातांची खूण पुष्कळदां दिसत नाहीं व वेदनाहि होत नाहीं; रात्रीं जमिनीवर झोंपलेल्यास पहांटे पोटदुखी व पापण्या जड होणें हीं लक्षणें दिसलीं तर क्षणाचाहि विलंब लावूं नये. चारहि सापांच्या विषावर एकच लस चालते, त्यामुळें साप मारून बरोबर नेण्याची गरज नाहीं. दंश झालेला अवयव हलूं देऊं नये, करकचून दोरी बांधूं नये, चिरूं नये, चोखूं नये. शेतावर राहावयास येणाऱ्यानें खाट व मच्छरदाणी पहिल्या दिवशींच आणावी. लस असलेलें जवळचें रुग्णालय कोणतें, तें आधींच विचारून भिंतीवर लिहून ठेवावें. सरपण व गोवऱ्यांची रास घराच्या भिंतीस लागून रचूं नये. एवढें केलें म्हणजे टेकाडावरील साप टेकाडावर व आपण घरांत, असा शेजारधर्म बहुधा पाळला जातो.

टेकाडांत खोकडाचें बीळ आहे. हा कोल्ह्याहून लहान, शेपटीस काळें टोंक असलेला प्राणी उंदीर, वाळवी, किडे व हंगामांत बोरें खाऊन राहतो. कोंबड्या रात्रीं नीट कोंडल्या असतील तर त्याच्याकडून उपद्रव जवळजवळ नाहीं. अशा उघड्या माळाचे इतर रहिवासीहि आहेत. जवळच्या सुप्यास चिंकाऱ्यांसाठीं १९९७ सालीं मयूरेश्वर अभयारण्य जाहीर झालें. तें अवघें पांच चौरस किलोमीटरांचें. चिंकारा त्याच्या सीमा वाचीत नाहीं. तो आसपासच्या माळांवर व पडीक रानांतहि चरतो, व लांडगाहि याच माळांवर फिरतो. सोलापूरकडील नान्नजचें माळढोक अभयारण्य १९७९ सालचें. परंतु भोंवतालचा माळ नांगरला गेला, आणि आज तेथें माळढोक दिसणें दुर्मीळ झालें आहे. झाडें नसलेली जमीन ती ओसाड, अशी समजूत धरून माळावर सरसकट झाडें लावणाऱ्यांनीं याचा विचार करावा. गवत हेंहि रान आहे.

गिधाडांविषयीं दोन शब्द, कारण त्याचा संबंध थेट गोठ्याशीं येतो. पूर्वीं गांवाबाहेर टाकलेलें जनावर एका दिवसांत साफ होत असे. दुखण्यावर गुरांस देण्यांत येणारें डायक्लोफिनॅक हें औषध मेलेल्या जनावराच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत गेलें व मूत्रपिंडें निकामी होऊन तीं झपाट्यानें मेलीं. २००६ सालीं गुरांसाठीं या औषधावर बंदी आली. २०२३ सालीं किटोप्रोफेन व असिक्लोफिनॅक यांवरहि आली. मेलोक्सिकॅम हें गिधाडांस निर्धोक असें औषध उपलब्ध आहे. गुरांच्या डॉक्टरांकडे तेंच मागावें.

नुकसान करणारे कोणीच नाहींत असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. हिंवाळ्यांत भोरड्या मध्य आशियाकडून हजारोंनीं येतात व हुरड्यांत आलेल्या जोंधळ्यावर ढगासारख्या उतरतात. अशा वेळीं माळ्यावर चढून गोफण फिरविणें यांत कांहींहि पाप नाहीं. हीच भोरडी टोळ खाते. मे २०२० मध्यें अमरावती व नागपूर या भागांत टोळधाड आली तेव्हां टोळांचें भय किती मोठें असतें हें सर्वांस आठवलें. मोर भुईमूग उकरतो, रानडुक्कर एका रात्रींत मक्याचा फडशा पाडतो. रानडुकराच्या नुकसानीचा पंचनामा वेळेंत करवून वनखात्याकडे भरपाई मागावी. तारेंत विजेचा प्रवाह सोडूं नये. त्या तारेनें डुकराबरोबर माणसेंहि मेलेलीं आहेत, व तशी तार लावणाऱ्यावर मनुष्यवधाचा खटला होतो. जुन्नर, आंबेगांव, खेड, शिरूर या ऊसपट्ट्यांत राहावयास जाणाऱ्यानें बिबट्याची गोष्ट निराळी समजावी. तेथें मादी उसाच्या फडांतच वितें. तोडणींत बछडे सांपडल्यास उचलून नेऊं नयेत, काम थांबवून वनखात्यास कळवावें. मादी बहुधा रात्रीं येऊन त्यांस घेऊन जाते. अंधार पडल्यावर त्या भागांत मुलांनीं एकटें बाहेर जाऊं नये.

आतां कामाच्या कांहीं गोष्टी. कुंपण घालावयाचें तर पोटखराबा त्याच्या बाहेर ठेवावा, किंवा ओढ्याच्या दोन्ही तोंडांशीं जाळी जमिनीपासून वीतभर वर उचलून ठेवावी. अंगणांतील दिवा गरजेपुरताच लावावा. रात्रभर जळणाऱ्या दिव्याभोंवतीं किडे जमतात, किड्यांमागें बेडूक येतात, बेडकांमागें साप येतात, आणि मग घरधनी विचारतो कीं सापच एवढे कोठून आले. विहिरीस कठडा असावा. तो बांधणें शक्य नसेल तर एक लांब, खडबडीत फांदी आंत तिरकी सोडून ठेवावी, म्हणजे पडलेलें मुंगूस किंवा घोरपड तिच्यावरून वर येऊं शकते. बांध पेटवूं नयेत. गवत कापावयाचें तर एकाच वेळीं सगळें कापूं नये: पूर्वेचा बांध संक्रांतीनंतर, पश्चिमेचा होळीनंतर, आणि ओढ्याकांठचें अगदीं शेवटीं, तेंहि लागलें तरच.

उन्हाळी नांगरटीच्या वेळीं ट्रॅक्टरवाल्यास आदल्या संध्याकाळीं रान फिरवून आणावें. टिटवीचें घरटें आढळल्यास तेवढा तुकडा सोडावयास सांगून खुणेसाठीं काठी रोवावी व तिला चिंधी बांधावी. मात्र ती काठी घरट्यापासून दहा पावलें दूर असावी; अगदीं जवळ रोवली तर तिच्यावर कावळा येऊन बसतो व अंडीं त्यास आयतींच दिसतात.